सोनकांबळे सरांचा बर्मा

आमच्या पेडगावच्या शाळेत सोनकांबळे सर मधल्या सुट्टीत डबा उघडतात, खिशातून बांबूच्या दोन काड्या काढतात आणि मटकीची उसळ एकेक दाणा उचलून खातात. अर्धे दाणे टेबलावर पडतात, ते पुन्हा काड्यांनीच वेचतात. घंटा होते, डबा तसाच राहतो. कुणी हसलं तर सर शांतपणे म्हणतात, "हाताला वळण लागायलंय."

सर इतिहास शिकवतात, मी गणित. दोघंही परभणीत राहतो आणि एकाच मोटारसायकलवर शाळेत जातो. मोटारसायकल माझी, बोलणं त्यांचं. दोन-तीन महिन्यांतून एकदा सर पुण्याला जातात. आमच्याकडचे लोक पुण्याला दवाखान्यासाठी जातात, पोरांच्या अ‍ॅडमिशनसाठी जातात. सर जेवायला जातात. तेही थाई, जपानी, कोरियन, व्हिएतनामी, तिबेटी. सोमवारी शिक्षकखोलीत खुर्ची मागे सारून त्यांचं सुरू होतं, "थायलंडला गेलतो." हॉटेलचं नाव सर कधी सांगत नाहीत, देशाचंच सांगतात. आणि शेवट ठरलेला, "परका न्हाई हो देश. बुद्धाचा हाय, म्हंजे आपलाच हाय." जपान आपला, कोरिया आपला. पेडगावात बसल्या बसल्या अर्धा आशिया सरांनी नावावर करून घेतलाय.

मला हे सहन व्हायचं नाही. सर बदली होऊन यायच्या आधी या शाळेत खाण्यातला जाणकार मी होतो. एकदा हैदराबादला जाऊन बिर्याणी खाऊन आलो होतो आणि ती शिक्षकखोलीला कित्येक वर्षं पुरली होती. नवीन शिक्षक रुजू झाला की मुख्याध्यापक स्वतः म्हणायचे, "शिंदे सर, ती बिर्याणी सांगा यांना." सरांच्या नारळाच्या दुधातल्या रश्श्यानं ती एका सोमवारात शिळी झाली. त्यानंतर मी दोनदा विषय काढून पाहिला. दुसऱ्या वेळी तर मुख्याध्यापक बोलण्याच्या मधेच हजेरी घ्यायला उठले.

बाहेरचं एक वेळ सोसलं असतं, पण घरीही तेच. मी दारात मोटारसायकल लावली की बायको विचारायची, "सर या खेपेला कुठं गेलते?" मी कुठं गेलतो हे तिनं लग्न झाल्यापासून विचारलेलं नाही. एकदा तिनं व्हिएतनामच्या सूपबद्दल इतके प्रश्न विचारले की मी चिडून म्हणालो, "थापा मारतो तो माणूस. पुण्यात मिसळ खातो अन् इथं येऊन देश सांगतो."

म्हणून टाकलं, पण मग ते माझ्या डोक्यातच बसलं. खरंच थापा असतील तर? भाचीचा साखरपुडा पुण्यात होता. मी सरांना म्हणालो, "या वेळी मी येतो तुमच्यासोबत." वाटलं, टाळतील. सर खूश झाले. "या की. दोघं असलं की जास्त देश होतेत."

साखरपुडा शनिवारी सकाळी आटोपला. दुपारी सरांनी मला जपानला नेलं. भातावर कच्चा मासा ठेवलेल्या छोट्या छोट्या वड्या आल्या, कडेला हिरवा गोळा. सर सांगायला लागले, "ते जरा जपून..." मी म्हणालो, "माहीत आहे मला," आणि ठेचा समजून अख्खा गोळा तोंडात टाकला. पुढचा काही वेळ मला नाक होतं, बाकी काही नव्हतं. पण सरांसमोर डोळ्यांतलं पाणी पुसायचं नाही एवढं मी पाळलं.

संध्याकाळी बर्मा. नारळाच्या दुधातल्या शेवया, वर तळलेला लसूण, शेंगदाणे, उकडलेलं अंडं. मला तर आवडलं. सर मात्र काढा घेतल्यासारखे घोट घेत होते. डोळे मिटायचे, घास तोंडात फिरवायचे, ओठ हलवून काहीतरी पुटपुटायचे.

"आवडलं का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग कोणता देश आवडतो?"

"एकबी न्हाई. मला भाकर अन् ठेचा सोडून काहीच जात न्हाई, शिंदे सर. दुपारपासनं पोटात कळ यायलीय."

माझा जीव सुखावला. सोमवारी शिक्षकखोलीत हे कसं सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागलो. तेवढ्यात सरांनी वाढणाऱ्या मुलीला जवळ बोलावलं.

"बेटी, उधर बर्मा में ये सुबू खाते की शाम कू? खाने बैठे तो खिडकी में से क्या दिखता?"

ती हसली. "अंकल, मैं तो कभी गई ही नहीं. मैं मिझोरम की हूँ."

"तो मिझोरम का बोलो."

ती बोलायला लागली. डोंगराच्या कडेला घरं, घरात शिरणारे ढग. सर हातातला चमचा विसरून ऐकत होते. मला वाटलं, चाललं, सोमवारचा माल गोळा करणं चाललं.

रविवारी सकाळी परभणीला उतरल्यावर सर म्हणाले, "आज संध्याकाळी जेवायला घरीच या." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा बोलावलं होतं. वहिनी आजारी असतात एवढंच मला माहीत होतं. सर सांगत नसत आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

वसमत रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. वहिनी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. आतून लसूण तळल्याचा वास येत होता. सर बनियनवर, गॅससमोर.

"या भावजी, बसा," वहिनी म्हणाल्या. जीभ जरा जड, पण आवाज खणखणीत. आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी विचारलं, "अहो, आज कोन्ता देश?"

"बर्मा," आतून उत्तर आलं.

वहिनी आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. देश बघायची हौस त्यांची. विहारातल्या लोकांबरोबर थायलंड-बर्म्याला जायचं ठरलं होतं.

"बॅग भरून ठेवलती," त्या म्हणाल्या. "अन् माझी ही बाजू गेली. म्या म्हनलं, तुमी तरी जाऊन या. तर हे म्हनले, तुला सोडून एवढ्या लांब न्हाई जात, पुण्यापत्तोर जातो. तवापासनं माझी बहीण दोन दिवस येऊन राहती अन् हे एकेक देश खाऊन येतेत. मंग इथं करून घालतेत."

सरांनी ताटली आणली. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी बांबूच्या त्याच काड्यांनी पहिला घास भरवला. वहिनींनी डोळे मिटले.

"खिडकीतून काय दिसतं?"

"डोंगर," सर म्हणाले. "ढग घरात येतेत. कापडं वाळायला टाकली की चार-चार दिवस वाळत न्हाईत."

ते मिझोरम होतं.

"आंबट कमी हाय," वहिनी म्हणाल्या. "थायलंड चांगला जमला होता. याच्यासाठी पुन्हा जावं लागंल तुमाला."

"जातो की," सर पोटावरून हात फिरवत म्हणाले.

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, आता तुमी सांगा. मला बरं वाटावं म्हनून हे वाढवून सांगत असतेत."

कुणीतरी मला असं विचारावं याची मी किती वर्षं वाट पाहत होतो. मी पाटावर सरसावून बसलो आणि जपानपासून सुरुवात केली. कच्चा मासा सांगितला, हिरवा गोळा सांगितला, नाकाचं काय झालं ते अगदी रंगवून सांगितलं. वहिनी हुंकार देत होत्या, पण बघत होत्या सरांकडे. सर मान खाली घालून वहिनींच्या ताटलीतले तळलेल्या मिरचीचे तुकडे एकेक करून बाजूला काढत होते.

मी मधेच थांबलो. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.