पाणीगाडीचं वजन

एका जंगलात, बाळांनो, रेल्वे होती. हसू नका. जंगलात समिती असू शकते, तर रेल्वे का नसावी?

त्या वर्षी डोंगरमाथ्यावरची तळी आटली. म्हणून पायथ्याहून पाण्याची गाडी निघाली. पुढे इंजिन, मध्ये तीन टाक्या, मागे एक डबा. इंजिन चालवत होता रखमाजी अस्वल. त्याची धाकटी बहीण सोनकी माथ्यावर राहायची. तिच्या पिल्लाच्या पोटात दोन दिवस पाण्याचा थेंब नव्हता. रखमाजीचा जीव टांगणीला लागला होता.

अर्ध्या चढावर चाकं जागच्या जागी गरगरू लागली. गाडी काही हलेना.

"साहेब, रुळांवर वाळू टाकू आणि मागून ढकलायला दुसरं इंजिन मागवू," रखमाजी म्हणाला. "घाटात असंच करतात."

"असंच करतात म्हणून तर जंगल मागे राहिलं!" मागच्या डब्यातून अध्यक्ष गवेराव गरजले. त्या डब्यात वजनघट समिती होती. नऊ गवे, एक लोखंडी टेबल आणि एक भलामोठा वजनकाटा. "गाडी जड झालीय. वजन उतरवा."

आधी रखमाजीची भाकरी उतरवली. मग शिट्टी. मग इंजिनाचं छप्पर. गाडी ढिम्म.

"साहेब, समिती जरा पायी चालली तर..." रखमाजी चाचरत म्हणाला.

"आम्ही उतरलो, तर वजन कमी झालं की नाही हे बघणार कोण?"

बिनतोड सवाल!

शेवटी समितीने सगळ्याचं वजन केलं. सगळ्यांत जड निघालं पाणी. एकमताने तोट्या उघडल्या गेल्या. पाणी खळाळत दरीत गेलं आणि रखमाजीला रडू कोसळलं. गाडी मात्र सुसाट सुटली.

माथ्यावर सगळे हंडे-कळशा घेऊन उभे होते. गवेरावांना हार पडला, सनई वाजली.

"दादा, पाणी?" सोनकीने विचारलं.

रखमाजीला मान वर करवेना. "गाडी आणली गं बाई," तो पुटपुटला.

पिल्लू त्याच्या अंगावर चढलं आणि कपाळावरचा घाम चाटू लागलं.

गवेरावांनी ते पाहिलं. त्यांचा ऊर भरून आला.

"लिहा," ते शेजारच्या गव्याला म्हणाले, "पाणी पोचलं."

तात्पर्य: चढ आला की उपयोगाचं तेवढं आधी खाली उतरवतात. तेव्हा बाळांनो, वर पोचायचं असेल, तर कुणाच्या उपयोगी पडू नका.