ब्लांच आंटींचा उजवा हात

ब्लांच आंटी कुणावर ओरडत नाहीत. समोरच्याचं काही चुकलं की त्या फक्त उजवा हात वर करतात. कोपर सरळ, बोटं जुळलेली, थेट छताकडे. कुणीतरी येऊन "काय झालं, आंटी?" असं विचारेपर्यंत तो हात खाली येत नाही.

आम्ही शारजात अल नहदाला राहायला आलो त्या दिवशी मी सोफा तिरका करून दारातून आत ढकलत होतो. वळून पाहिलं तर पांढरे केस आणि पांढरे बूट असलेली एक बुटकी बाई पॅसेजमध्ये हात वर करून उभी. मला वाटलं, टॅक्सी थांबवतायत. अकराव्या मजल्यावर!

"काय झालं?"

"लागला," त्या म्हणाल्या. "माझ्या भिंतीला." मग खिशातून छोटं पॅड काढून त्यांनी चिठ्ठी लिहिली, खाली सही केली आणि माझ्या हातात दिली. लेन चार. सोफा. भिंतीला स्पर्श.

अशा सात चिठ्ठ्या आज आमच्या फ्रिजवर लावलेल्या आहेत. आमच्या मजल्यावर आठ फ्लॅट, आणि आंटींच्या हिशेबी त्या आठ लेन. त्यांची चार नंबर, आमची पाच. तीनमध्ये एक केरळी कुटुंब, सातमध्ये इजिप्तचा एक दंतवैद्य. त्यालासुद्धा एकदा चिठ्ठी मिळाली होती. तो बिचारा "सॉरी हबीबी" म्हणून ती खिशात घालून गेला.

ब्लांच तुस्कानो मूळच्या वसईजवळच्या गासच्या. अंकल गेल्यावर इथे एकट्याच राहतात. दुबईतल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर, म्हणजे पलंगाखाली वाकून धूळ शोधणं हा पेशाच. आणि सुट्टीच्या दिवशी त्या वाकतात पोहण्याच्या तलावाच्या काठावर. शर्यतीत प्रत्येक लेनच्या टोकाला एक पांढऱ्या कपड्यातला माणूस उभा असतो ना, वाकून खाली बघणारा? तो टर्न इन्स्पेक्टर. पोहणाऱ्याने भिंतीला नियमाप्रमाणे हात लावला की नाही एवढंच बघायचं. चूक दिसली की हात वर, रेफरी आला की चिठ्ठी, आणि पोहणारा बाद. टाळ्या वाजवायच्या नाहीत, कोण जिंकलं ते बघायचं नाही.

"आंटी, तुम्हाला पोहता येतं?" मी एकदा विचारलं.

"मी? पाण्यात? डोकं फिरलंय काय माझं?" त्यांनी छातीवर क्रूस केला. "मी भिंतीची माणूस रे बाबा."

मी चौकस माणूस आहे. बायको भोचक म्हणते. तर मला आंटींच्या बाबतीत दोन कोडी पडली होती. पहिलं असं, की एवढी कडक बाई, पण चूक स्वतःच्या दारासमोर घडली तरच हात वर करायची. एकदा तीन नंबरची पोरं स्वतःच्याच दाराशेजारच्या भिंतीवर निळ्या खडूने चांगला हातभर लांब मासा काढत होती. आंटी शेजारी उभ्या. मला वाटलं, आता हात गेलाच वर! तर त्यांनी डोळे गच्च मिटले आणि म्हणाल्या, "माझी लेन नाय."

"अहो, पण तुम्ही पाहिलंत ना?"

"दुसऱ्याच्या लेनमध्ये बघायचं नाय. खलास." आणि तशाच, मिटल्या डोळ्यांनी भिंत चाचपत घरात गेल्या.

दुसरं कोडं त्यांच्या हॉलमधला फोटो. मेरीमातेच्या तसबिरीखाली अकरा वर्षांची शेरन, त्यांची मुलगी, पोहण्याच्या टोपीत. अशा फोटोत पोरांच्या गळ्यात मेडल असतं. हिच्या गळ्यात टॉवेल, आणि तोंड असं की कुणी तरी डबा हिसकावून घेतलाय. शेरन आता लंडनला नोकरी करते. दर रविवारी तिचा फोन येतो आणि आंटी स्पीकर लावतात, त्यामुळे आम्हाला पाठ आहे. "तिकडे पाऊस?" "येस मम्मा. तिकडे?" "ऊन." मग थोडा वेळ दोघी गप्प, मग "ओके, गॉड ब्लेस." पंचवीस वर्षांच्या मुलीशी आईने फक्त हवामानाचं बोलावं? मी फोटोबद्दल विचारलं की आंटी चहा टाकायला उठत.

मग अबू धाबीला पंचवीस मीटरच्या तलावातली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली आणि आंटींना काठावर उभं राहायचं बोलावणं आलं. त्यांची तयारी आमच्या पॅसेजमध्ये चाले. माझी नऊ वर्षांची इरा गालिच्यावर उताणी झोपून पायांनी रेटत रेटत दाराकडे यायची आणि आंटी वर वाकून उभ्या राहायच्या.

"बघ," त्या मला सांगत, "बाकी सगळ्या प्रकारांत पोरगी शेवटी पाण्यात नाहीतर भिंतीकडे बघत येते. बॅकस्ट्रोकमध्ये वर बघत येते. भिंत तिला दिसतच नाय. शेवटी तिला छत दिसतं, भिंतीच्या आधी वर टांगलेले झेंडे दिसतात, आणि मी दिसते. उताणं असतानाच हात लावायचा. त्याच्या आधी पालथी झाली की संपलं."

"बट व्हॉट इफ शी वॉन्ट्स टु लुक?" इराने विचारलं.

आंटींनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "म्हणून तिला आधी सांगून ठेवायला पाहिजे. मी कुठे आहे ते."

शेरन लंडनहून मुलींची बॅकस्ट्रोक लाइव्ह बघणार होती. हे आंटींनी मला दिवसातून चार वेळा सांगितलं. आणि चारही वेळा पुढचं वाक्य एकच: "लेन कुठली देतात, देव जाणे. तिला बरोबर लेन कळली पाहिजे." मी म्हटलं, पडद्यावर सगळ्याच लेन दिसतात. त्यावर त्यांनी हात वर केला. मी मुकाट्याने चिठ्ठी घेतली.

सकाळच्या हीटला, म्हणजे प्राथमिक फेरीला, मी आणि इरा त्यांना गाडीने घेऊन गेलो. काठावर फोन चालत नाही, म्हणून तो त्यांनी माझ्या हवाली केला. "लेन कळली की शेरनला मेसेज कर. विसरू नको, अजय. प्लीज." आंटींच्या तोंडून 'प्लीज' मी पहिल्यांदा ऐकलं.

पंच रांगेत आले. आंटी सहा नंबरला जाऊन उभ्या राहिल्या. मी लगेच टाइप केलं, लेन सहा. "थँक्स अंकल," लंडनहून उत्तर आलं. लाउडस्पीकरवर शर्यतीची घोषणा सुरू झाली, मुली पाण्यात उतरल्या, आणि तेवढ्यात एक अधिकारी येऊन आंटींच्या कानात काहीतरी बोलला. आंटी निघाल्या. त्यांना दोन नंबरला हलवलं होतं.

त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. चालता चालता त्यांनी आमच्या दिशेने प्रेक्षकांत पाहिलं, आणि जिने चाळीस वेळा मला नियम शिकवले त्या बाईने कमरेजवळ, लपवून, दोन बोटं दाखवली. मी परत फोन उघडला. लेन दोन! दोन! असं दोनदा पाठवलं. भोंगा वाजला, आठ पाठी पाण्यावर आडव्या झाल्या.

शंभर मीटर म्हणजे चार फेऱ्या. पोरी पाण्याखालूनच एवढ्या लांब जात की इरा दर वेळी "व्हेअर डिड दे गो?" म्हणून उभी राहायची. दोन नंबरची मुलगी पाचवी आली. झेंड्यांखालून आली, हात मागे फेकला, भिंतीला लागला, आणि धापा टाकत ती वर बघत राहिली. आंटी एवढ्या वाकल्या होत्या की मला वाटलं, पडतात आता. त्यांनी तिचा हात पाहिला आणि सरळ उभ्या राहिल्या. हात खालीच.

फोन थरथरला. "सॉ मम्मा. थँक यू फॉर टेलिंग मी, अंकल. दॅट टाइम नोबडी टोल्ड मी."

त्या वेळी? कुठल्या वेळी? माझ्यातला भोचक माणूस जागा झाला. दुपारी शारजाच्या रस्त्याला लागल्यावर मी शेजारी बसलेल्या आंटींना मेसेज वाचून दाखवला आणि सरळ विचारलं.

आंटींनी नजर समोरच्या ट्रकवर ठेवली.

"शाळेची स्पर्धा होती," त्या म्हणाल्या. "शेरन चार नंबर लेनला. मी तिला सांगून ठेवलं होतं, बेटा, शेवटी घाबरू नको, वर बघ, मी असेन. ऐनवेळी रेफरी म्हणाला, पोरीच्या लेनवर तिची आई चालणार नाय, पाच नंबरला जा. बरोबरच होतं त्याचं. पण पोरगी पाण्यात उतरलेली. तिला सांगणार कोण? ती दुसरी येत होती, अजय. भिंतीपाशी आली, वर बघितलं, तर तिथे कुणी भलताच माणूस. मला शोधायला ती वळली. हात लावायच्या आधी पालथी झाली."

"आणि त्या माणसाने हात वर केला?"

"तो खाली बघून चिठ्ठी लिहीत होता रे. त्याने बघितलंच नाय." आंटींचा आवाज बारीक झाला. "हात मी वर केला. माझी लेनसुद्धा नव्हती ती. शेरनला वाटतं, त्याने केला. चौदा वर्षं मी तिला सांगितलं नाय. तिने पोहणं सोडलं."

मी ट्रकच्या मागे वेग कमी केला.  तेवढ्यात आंटींचा उजवा हात वर गेला आणि गाडीच्या छताला आपटला. मी घाबरून वेग पाहिला, आरसा पाहिला, लेन पाहिली.

"आंटी, माझं काय चुकलं?"

"तुझं नाय. तू गाडी चालव."

हात तसाच वर. कुणीतरी विचारल्याशिवाय तो खाली येणार नव्हता. नियम इराला पाठ होता. ती मागून पुढे झुकली. "विच लेन, आंटी?"

"माझी," आंटी म्हणाल्या. "बेटा, शेरनला फोन लाव."

इराने फोन लावून स्पीकर सुरू केला. पलीकडे पहिल्याच घंटीला उचलला गेला. आंटी पावसाबद्दल काही बोलल्या नाहीत.

"शेरन, त्या दिवशी तो हात माझा होता. त्या माणसाचा नाय. माझा."

इराने फोन आंटींच्या आणखी जवळ धरला. 

"आय नो, मम्मा," शेरन म्हणाली. आणि मग, इतक्या रविवारांत मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेलं मराठी आलं. "मी वळून तुलाच बघत होते ना."

आंटींचा हात हळूहळू खाली आला. तो त्यांनी तोंडावर धरला, आणि शारजा येईपर्यंत आम्ही कुणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही.