कासुर्डीचा सत्यजीत

"चेहरा झाकायचा, नाव बदलायचं आन् तोंड बंद ठेवायचं! एवढ्या तीन गोष्टी पाळल्या की जगातली कुठलीबी बँक आपली!"

रविराजनं हे इम्तियाजच्या वेल्डिंगच्या दुकानात बसून जाहीर केलं. शिरूरच्या टॉकीजला बँक लुटायचा एक पिक्चर लागला होता, आणि तो रविराजनं तीनदा बघितला होता. इम्तियाजनं एकदाच बघितला, तोही तिकीट रविराजनं काढलं म्हणून. आणि टॉकीजमधून निघाल्यापासून त्यांच्या वडगाव रासाईची कमान येईपर्यंत तो गाडीवर मागं बसून शिव्याच देत होता.

"असला खोटारडा पिच्चर मी जल्मात बघितला न्हाई," ग्राइंडर बंद करत इम्तियाज म्हणाला. "चार मिनिटांत शटर कापलं त्यानं. चार मिनिटांत! मला नुसता माझा चष्मा शोधायला तेवढी लागत्यात."

"ते सोड. हिरोचं डोकं बघ की!"

"कसलं डोकं? अडीच तासांत त्याला एक माणूस इचारीत न्हाई, कुणाचा रं तू म्हणून! वॉचमन इचारीत न्हाई, चहावाला इचारीत न्हाई. आपल्याकडं नवं कुत्रं शिरलं तरी लोक त्याचं गाव इचारत्यात."

"तुला कला कळत न्हाई, इम्त्या."

"मला शटर कळतं."

आता एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण रविराज लग्नाचा होता. म्हणजे गेली नऊ वर्षं लग्नाचाच होता. चौदा स्थळं येऊन गेली होती. त्याच्या आईनं, सोजराबाईंनी, आधी सोमवार धरला, मग गुरुवार धरला, मग शनिवार धरला; आता बाईला आठवड्यात पोटभर जेवायला मोजके वार उरले होते. आणि अशात पंधरावं स्थळ आलं. दौंडच्या एका सहकारी बँकेत कॅशियर असलेली अनुपमा. रविवारी बघायला जायचं ठरलं. हे हुकलं तर पुढचं स्थळ आणायचं कुठून, हे मध्यस्थालाही माहीत नव्हतं.

दुसरा कुणी असता तर त्यानं मुकाट्यानं रविवारची वाट बघितली असती. पण ज्याला चौदा घरांनी चहा पाजून वाटेला लावलं, त्या गड्याला पंधराव्या पोरीचा रंग आधी तपासून घ्यायचा होता!

"फोटोवर भरोसा न्हाई राव. हल्ली मोबाईलवर म्हैसबी गोरी करत्यात. गुपचूप बँकेत जाऊन बघून येऊ."

"मग सरळ जा. नमस्कार कर, नाव सांग, बघ."

"मग ते गुपचूप कसलं? पिच्चरमधी कसं केलं त्यानं? बँकेत दोन तास बसला, समदं बघितलं, कुणाला पत्ता लागला का?"

"लेका, त्याला पगार होता त्याचा!"

पण मंगळवारी अकरा वाजता दोघं दौंडात होते. तोंडाला गमछा, डोळ्यांवर काळा गॉगल. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ म्हणून इम्तियाजनंही तोंड बांधलं होतं. बँकेत शिरताना तो गमछा सोडायला लागला, तर रविराजनं त्याच्या हातावर फटका मारला.

दारावर पाटी होती, 'चेहरा झाकून आत येऊ नये.' पाटीखाली गार्ड हौशीराम डोळे मिटून कर्तव्य बजावत होता. त्याची बंदूक कुणी नेऊ नये म्हणून खुर्चीला साखळीनं बांधलेली होती. दोघं त्याच्या पायांवरून ओलांडून आत गेले.

आत सर्व्हर डाऊन होता. खातेदार खुर्च्यांवर असे बसले होते, जसं काही दहाव्याला आलेत आणि कावळा शिवत नाही! काउंटर नंबर दोनवर अनुपमा होती. पण समोरच्या काचेवर बँकेनं इतक्या सूचना चिकटवल्या होत्या, की तिचं कपाळ आणि डावा कान एवढंच जनतेसाठी खुलं होतं. रविराजनं खुर्ची बदलली. मग पुन्हा बदलली. चौथ्यांदा बदलली तेव्हा पासबुक भरणाऱ्या क्लार्कनं मान वर केली.

"दिसली का?" इम्तियाजनं विचारलं.

"कान दिसला. कान बरा हाय."

"मग चल."

"थांब रे. वर कॅमेरा हाय, मान खाली घाल."

इम्तियाजनं मान खाली घातली नाही. वर बघितलं. धंद्यातला माणूस! "त्याची वायर तर तुटून लोंबतीय. आन् हे शटर बघ. पातळ पत्रा. तरीबी अर्धा दिवस लागंल कापायला. आन् पिच्चरमधी तिजोरीला किल्ली एकच! बँकेत दोन आसत्यात. एक मॅनेजरकडं, एक कॅशियरकडं. म्हंजी एकट्या मॅनेजरला धरून भागत न्हाई."

"हळू बोल की!"

"हळूच बोलतोय. तुझा हिरो चुकला ते सांगतोय."

क्लार्कनं पेन खाली ठेवलं.

आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या खुर्चीवरची भामाबाई वळली. वय सत्तरीचं, हातात पिशवी, तोंडात मशेरी आणि दोन तासांत बोलायला कुणी मिळालेलं नाही!

"कुणाचा रं तू?"

इम्तियाजनं रविराजकडं असं बघितलं, जसं परीक्षेत त्यानं सांगितलेलाच प्रश्न आलाय!

"सत्यजीत," रविराज गमछ्यातून म्हणाला.

"गाव कंचं?"

रविराजला हायवेवरची एक पाटी आठवली. "कासुर्डी."

"आगं बया! माझं म्हायेर कासुर्डी! कुणाचा तू कासुर्डीत?"

"वरच्या आळीचा."

"वरच्या आळीला समदी माझीच भावकी. बापाचं नाव काय?"

आता इथं शहाण्यानं पोट दुखतंय म्हणून उठून जावं. पण तीनदा पिक्चर बघितलेला माणूस! "हौसराव," तो ठोकून गेला.

भामाबाईची मशेरी तोंडातच थांबली. "हौसराव माझा चुलतभाऊ. त्याला दोन लेकी हायेत. पोरगा कवा झाला?"

"...दुसरे हौसराव."

"दुसरं न्हाई! कासुर्डीत हौसराव एकच हाय, आन् म्या त्याच्या लग्नात करवली व्हते!" तिनं मोर्चा इम्तियाजकडं वळवला. "आन् तू रं?"

"मी चांदभाईचा इम्तियाज, मावशी. वडगाव रासाईचा," इम्तियाज एका दमात खरं बोलून मोकळा झाला.

"तू नदीपल्याडचा, ह्यो कासुर्डीचा, मग एका गाडीवर कसं? आन् तोंडं का बांधल्यात?" आणि म्हातारीनं रविराजच्या गमछ्याला हात घालून असा हिसका दिला, की गॉगलसुद्धा सोबत आला. "धरा! ह्यो हौसरावाचा न्हाई!"

क्लार्क ओरडला, "हे तिजोरीचं बोलत होते! शटर कापायचं बोलत होते!"

हौशीराम जागा झाला आणि नोकरीतलं पहिलं शौर्य त्यानं गाजवलं. खुर्चीसकट बंदूक ओढत तो बाहेर पळाला आणि चॅनेल गेट बाहेरून ओढून कुलूप लावलं! दरोडेखोर आत, मॅनेजर आत, खातेदार आत. सुरक्षित काय ते एकटे हौशीराम!

पोलीस दहा मिनिटांत आले. गेटची किल्ली सापडायला पाऊण तास लागला.

ठाण्यात फौजदार सुलक्षणा मॅडमसमोर दोघांना उभं केलं. पलीकडं जबाब द्यायला मॅनेजर आणि अनुपमा. रविराजनं तिला पहिल्यांदा अख्खी बघितली. फोटोपेक्षा छान होती! अशा वेळीसुद्धा गड्याला बरं वाटलं. माणसानं निर्लज्ज असावं, पण किती?

"नाव?"

खरं सांगावं तर लग्न मोडतंय, खोटं सांगावं तर कोठडी. रविराजनं कोठडी पसंत केली. "सत्यजीत. कासुर्डी."

"मग तुझ्या खिशातलं हे आधार कार्ड कुणाचं?"

इम्तियाजला दुकानाचं कुलूप, घरची दोन पोरं आणि स्वतःची अब्रू एकदम आठवली. "मॅडम, पोरगी बघायला आलाय ह्यो! काउंटर नंबर दोनची! रविवारी तिला बघायला जायचंय, म्हणून आज तिला आधीच बघायला आला!"

मॅडमनी पेन आपटलं. वडगाव रासाईच्या पोलीस पाटलांना, आनंदरावांना, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तशी अनुपमा पुढं आली. "मॅडम, ह्यांचा बायोडाटा माझ्या मोबाईलवर आहे. ताडून बघू?"

"वाचा," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही आता गोडी लागली होती.

"जमीन पाच एकर बागायत."

"दीड," फोनमधून आनंदराव. "त्यातली अर्धी पावसाळ्यात भीमा नेती, उन्हाळ्यात परत देती."

"कंपनीत सुपरवायझर."

"ठेकेदाराकडं पॅकिंगला व्हता. शिमग्यापासनं घरीच हाय. आता इम्तियाजच्या दुकानात बसून आसतो. तिथला सुपरवायझर म्हणा पाहिजे तर."

"वय एकोणतीस."

"माझ्या थोरल्याच्या वर्गात व्हता. थोरल्याचं पोरगं सहावीला हाय."

"स्वभाव मनमिळाऊ."

"ते बाकी खरं! कुणाशीबी गप्पा मारत बसतो. कामाला बोलवा, मग घावत न्हाई."

"पाटील," मॅडमनी विचारलं, "हा दरोडा घालू शकेल?"

आनंदराव मोठ्यानं हसले. "छ्या! दरोडा म्हंजी कष्ट आलं, मॅडम. दहाशिवाय अंथरूण सोडीत न्हाई त्यो!"

एवढ्या एका वाक्यावर रविराज निर्दोष सुटला! अनुपमा म्हणाली, "माझी काही तक्रार नाही." रविराजचा चेहरा उजळला. त्यानं शर्ट सारखा केला. "मग रविवारी येऊ ना आम्ही?"

"आम्ही कळवतो," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी तिच्या मामांचा फोन आला, "पत्रिका जुळत न्हाई, पाव्हणं." सोजराबाईंनी डोळ्याला पदर लावला. रविराजनं मात्र गावभर सांगितलं, मीच नको म्हणलो. पोरीचे कान मोठे होते. सांगायला जागा होती, कारण ठाण्यातलं इम्तियाज आणि आनंदराव सोडून गावात कुणाला काही माहीत नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

शनिवारी तो दुकानात बसून सुपरवायझरी करत असताना आनंदराव आले. रविराज उठून उभा राहिला. "या आबा."

"बस, बस. आरं, त्या दौंडच्या पोरीच्या मामाचा मला फोन आलता. मामा म्हणला, एवढा खरं बोलणारा माणूस पुणे जिल्ह्यात पैल्यांदा घावला. तुमच्या घरात कुणी लग्नाचं हाय का? म्या म्हणलं, हाय की, आमचा धाकटा स्वराज. तर बायोडाटा पाठवा म्हणला."

इम्तियाजनं, हसू ऐकू जाऊ नये म्हणून, ग्राइंडर चालू केला.

आनंदरावांनी हातानं खूण करून तो बंद करायला लावला. मग दुकानाबाहेर कुणी नाही असं बघून रविराजच्या कानाशी आले.

"तुझा त्यो बायोडाटा लई झ्याक हाय म्हणत्यात. नमुन्याला दे की जरा. स्वराजच्या नावावर पाऊण एकर हाय... चार लिव्हू, का पाचच लिव्हून टाकू?"