दळवीकाकांची लाल फुली

अंबरनाथला आमच्या शेजारी राहणाऱ्या दळवीकाकांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी लाल मेणखडू असे. मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात प्रयोगशाळांसाठी काचेचे चंबू बनत, ते तपासण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. काचेत बुडबुडा, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘फुगा’, दिसला की खडूने फुली मारायची आणि चंबू भंगारात टाकायचा. रिटायर झाल्यावर चंबू सुटले, खडू सुटला नाही. आमच्या कुरकुरणाऱ्या दारावर फुली, जिन्याच्या तुटक्या कठड्यावर फुली. भाजीवाल्याच्या किडक्या वांग्यावर तर त्याच्या डोळ्यांदेखत फुली. “रिजेक्ट है भाऊ,” एवढं म्हणून काका पुढे चालू लागत.

सोसायटीच्या गणेशोत्सवात मी हस्तलिखित काढलं, तेव्हा माझ्या कवितेवरही फुली पडली. खरं सांगायचं तर त्या पानावर मनापासून केलेली तेवढीच एक गोष्ट होती.

मी कोण, तर अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतला स्टोअरकीपर. सोमवार ते शनिवार पिंपांवर लेबलं चिकटवायची आणि रविवारी झब्बा घालून, खांद्याला शबनम पिशवी लावून रसिक व्हायचं, असा माझा कार्यक्रम होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बदलापूरला नदीच्या बाजूच्या एका जुन्या बागबंगल्यात काचशिल्पांचं प्रदर्शन भरलं आणि माझ्यातला रसिक पेटून उठला. सोबत कुणीतरी अडाणी हवं होतं, ज्याला समजावून सांगता येईल. म्हणून मी काकांना नेलं.

“काका, इथे पास-रिजेक्ट नसतं. इथे अनुभवायचं असतं,” मी वाटेतच बजावलं.

“बघू की माल,” हातातली कापडी पिशवी सावरत काका म्हणाले.

बाग सुरेख होती. आंब्याची जुनी झाडं, कोरडं पडलेलं कारंजं, आणि हिरवळीवर चौथऱ्यांवर मांडलेली निळी, हिरवी, पिवळी काच. मी एकेका शिल्पापुढे मान तिरकी करून उभा राहत होतो. गवतावर उपड्या ठेवलेल्या एका पांढऱ्या गोल शिल्पाने तर मला अगदी जिंकलं. रितेपण, आभाळ, स्त्रीमन वगैरे सगळं मला त्यात दिसलं आणि मी ते दहा मिनिटं काकांना सांगितलं. कॉलेजच्या दोन मुलीही ऐकायला थांबल्या, त्यामुळे आवाज जरा चढलाच.

काका वाकले. गोल फिरून त्यांनी पाहणी केली. “ही व्हरांड्यातल्या दिव्याची हंडी आहे,” ते म्हणाले. “माळ्याने धुऊन सुकत घातलीय. पण माल फर्स्ट क्लास. पास.”

मुली गेल्या. मीही कारंज्यापाशी जाऊन बसलो. तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. हंडी सोडून बागेतल्या झाडून सगळ्या शिल्पांवर लाल फुल्या पडल्या होत्या.

व्यवस्थापक धापा टाकत माझ्याकडे आले. “हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का?”

“म्हणजे, एकाच इमारतीत राहतो आम्ही,” मी म्हणालो. इतकं भ्याड वाक्य इतक्या शुद्ध मराठीत मी पुन्हा कधी बोललो नाही.

मग ती शिल्पं करणारी बाई आली. तरुण होती, बोटांवर भाजल्याचे डाग होते. तिने फुली बघितली आणि चिडायच्या ऐवजी विचारलं, “काका, तुम्हाला फुगे दिसले?”

“दिसणारच. अठ्ठावीस वर्षं तेच काम केलंय. सगळ्यात फुगा आहे, बाई.”

“मुद्दाम ठेवलेत मी. काच फुंकणाऱ्याचा श्वास आत राहतो ना. मला तेच आवडतं.”

“मुद्दाम?” काकांनी दोनदा विचारलं. मग खिशातून रुमाल काढला आणि पहिल्या शिल्पापासून फुल्या पुसायला लागले. काकांचे गुडघे दुखत असल्यामुळे खालच्या फुल्या माझ्या वाट्याला आल्या. सकाळपासून काचेवर मी जे काही केलं, त्यात उपयोगाचं एवढंच.

पुसून झाल्यावर काका आंब्याखालच्या बाकावर बसले.

“आमच्यात बबन होता. खरवईचा,” ते म्हणाले. “एकाच दिवशी लागलो कामाला. तो चंबू फुंकणार, मी तपासणार. एका डब्यात जेवलो इतकी वर्षं. शेवटी त्याचा हात हलायला लागला. एका दिवसात त्याच्या अकरा चंबूंवर फुली मारली मी. साहेबांनी त्याला बर्नरवरून उठवलं. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.”

“पण काका, फुग्याचा चंबू आचेवर फुटला असता. कुणाला तरी भाजलं असतं.”

“असतंच. फुली बरोबर होती.” काका रुमालाची घडी घालत राहिले. “पण संध्याकाळी त्याच्या घरी जायला पाहिजे होतं ना मी? नाय गेलो. सहा वर्षं झाली. आता कुठल्या तोंडाने जाऊ?”

ह्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. मी फक्त म्हणालो, “खरवई इथून जवळ आहे. रिक्षा करू.”

खरवईत शिरल्यावर काका हातपंपापाशी थांबले. पुढे पाऊलच टाकेनात. “तुम्ही जा. तुम्हाला बोलता येतं. तो नको म्हणाला तर इथूनच परत जाऊ.”

बबन ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. रिक्षात मी एक वाक्य तयार केलं होतं, त्यात ‘ऋणानुबंध’ हा शब्द होता. ते मी सोडून दिलं. “दळवीकाका आलेत,” मी म्हणालो. “पंपाजवळ उभे आहेत. येऊ का विचारतायत.”

बबनच्या हातातली शेंग थरथरत होती. ती त्यांनी सुपात टाकली, उठले आणि अनवाणीच पंपाकडे निघाले.

“बबन, त्या दिवशी मी...” काकांनी सुरुवात केली.

“अंबरनाथ काय विलायतेत हाय का रं?” बबन म्हणाले. “सहा वर्षं लागली तुला?”

पाणी भरणाऱ्या बायकांसमोर दळवीकाका रडायला लागले. माझेही डोळे भरून आले, आणि त्यात दाखवण्यासाठी केलेलं काही नव्हतं.

बबननी काकांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, “अगं, भाताचं आधण वाढव. दळवी आलाय.”