चार बाकांचा बालविभाग

आमच्या दवाखान्याच्या बालविभागात दर बाकाला मूल एक वर्षानं मोठं होतं. आईबापांची मात्र पंचवीस मिनिटंच जातात. पूर्वी आठ बाकं होती. डॉक्टरांपर्यंत पोचेतो तान्ह्या पोरांचे दुधाचे दात पडायला लागायचे. तक्रारी झाल्या, समिती बसली आणि दीड वर्ष खल करून चार बाकं कमी केली. समितीत मीही होतो. केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस म्हणून मला घेतलं होतं, म्हणजे चहा सांगायला.

नवा विभाग खरोखर देखणा झाला. भिंतींवर हत्ती आणि जिराफ आहेत, हात धुवायचे नळ मुलांच्या हाताला येतील असे आहेत. सिस्टर बाकाबाकावर जाऊन त्या त्या वयाची लस टोचतात. दुसऱ्या बाकापाशी कपड्यांचं कपाट ठेवलंय, कारण अंगावरचं झबलं तिसऱ्या बाकापर्यंत पुरत नाही.

बाकावरचे चौघे एकदम पुढे सरकतात. जागा सोडली, की त्याच बाकावर मागच्या चौघांबरोबर आणखी एक वर्ष काढावं लागतं. तशी पाटी लावायची होती. पण "कुणालाही जागा देऊ नये" असं मुलांच्या दवाखान्यात लिहायचं कसं, यावर समितीचं घोडं अडलं ते अडलंच.

बुधवारी साडेनऊला संजीवनी सोनकांबळे आली. कडेवर दहा महिन्यांची कार्तिकी. पोरीचा डावा पाय आत वळलेला होता.

"आशाताई म्हणाल्या प्लास्टर घातलं की सरळ हुतंय," संजीवनी म्हणाली. "खरंय का वो दादा?"

"होतं. पण इथे पाच वर्षांच्या आतल्यांनाच घालतात."

तिनं बोटांवर मोजलं. चार बाकं, चार वर्षं, दहा महिने. "बसतंय की!" म्हणाली, आणि हसली.

पहिली दोन बाकं छान गेली. कार्तिकीला दात आले, बोलणं आलं. पाय घासत का होईना, ती चालायला लागली. तिसऱ्या बाकावर तिनं मला जिराफाचं नाव विचारलं. जिराफाला नाव द्यायचं समितीच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी आपलं 'बंडू' म्हणून ठोकून दिलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मोमीनबाई उठल्या. त्यांचं पोर तापानं फणफणलं होतं, डोळे फिरवत होतं. "भाभी, मेरेकू आगे जाने देव ना," एवढंच त्या म्हणाल्या.

संजीवनी लगेच उठली. "जावा माय, जावा. लेकरू बगा की कसं करायलंय." ती मोमीनबाईंच्या जागी जाऊन बसली.

मी सगळं बघत होतो. 'बाई, उठू नका' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण ते पोर समोर दिसत असताना ते बोलायचे कोणत्या तोंडानं? मी गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

मोमीनबाईंचं पोर वाचलं, हे सांगितलं पाहिजे.

कार्तिकी डॉक्टरांसमोर गेली तेव्हा पाच वर्षं दहा महिन्यांची होती. कागदांवर सह्या घ्यायला मी आतच होतो. मुळावकर मॅडम स्वभावानं चांगल्या. त्यांनी पाय हातात घेतला, हळूच वळवून पाहिला आणि सुस्कारा सोडला.

"इतका उशीर का केलात हो? वेळेत आणायचं ना!"

"साडेनवाला आणलं की वो मॅडम," संजीवनी म्हणाली. "दार उगडायच्या आदी."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. अकरा पस्तीस झाले होते. नोंदणीपासून तपासणीपर्यंत दोन तास पाच मिनिटं. आठ बाकांच्या काळात इतक्या लवकर नंबर कधीच लागला नव्हता. मॅडमनी कागदावर 'वय जास्त' असं लिहिलं.

"आई," कार्तिकीनं विचारलं, "आपुन जागा द्यायची नव्हती का?"

संजीवनीनं पोरीचा हात धरला आणि तिच्या चालीनं, हळूहळू बाहेर आली.

मी खिडकीवर परत येऊन बसलो. रांगेत एक नवी बाई बाळाला घेऊन उभी होती. तिनं संजीवनीला विचारलं, "हितं नंबर लवकर लागतो का वो?"

"लागतो," संजीवनी म्हणाली. "फकस्त मदी कुनी कितीबी रडलं तरी उठू नका."

बाईनं मान डोलावली आणि बाळाला घट्ट धरलं. मी नवा केसपेपर घेतला आणि बाळाचं वय विचारलं.

"आठ महिने."

मी आठ महिने लिहिलं.