कॅल्विनचं बारसं

आमच्या खानदानात इंग्रजी म्हणजे मी, सुरेखा! शेवगावच्या शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे तिसगावच्या माझ्या भावाला, अंगदला मुलगा झाला तेव्हा मी जाहीरच केलं, "नाव आत्या ठेवणार! आणि पंचक्रोशीत दुसरं सापडणार नाही असं ठेवणार!"

राशीचं अक्षर 'क' निघालं. मोबाईलवर शोधलं, नि ठरलं. कॅल्विन! या नावाचा माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता, त्याची माहिती वाचली, पण नावाचा अर्थ बघायची गरजच वाटली नाही.

बारशाला मांडव गच्च भरला. मी बाळाच्या कानात कुर्र केलं, माईकवरून नाव सांगितलं. टाळ्या! तेवढ्यात भावजयीचे, निकिताचे वडील आप्पासाहेब म्हणाले, "नाव झ्याक हाय पोरी. पन अर्थ काय त्याचा?"

"सांगते की!" मी रुबाबात मोबाईललाच विचारलं. दुसऱ्या हातात माईक चालूच. मोबाईलमधली बाई खणखणीत बोलली, "कॅल्विन म्हणजे टकला."

आप्पासाहेब उकाड्यानं टोपी काढून बसलेले. डोकं म्हणजे चिंचेनं घासलेला तांब्या! सगळ्यांच्या नजरा तिकडंच.

"सोयऱ्याला जेवायला बोलवून टकला म्हनता व्हय?" ते उठून चपला शोधायला लागले.

"आप्पा, तसं नाही हो! अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं नाव आहे!"

"त्ये टकले हुते?"

"नाही, केस होते. फक्त फारसे बोलायचे नाहीत."

"म्हंजी मुकं!"

"कपड्यांच्या धंद्यातसुद्धा एक मोठे..."

"अगं बाई!" निकिता किंचाळली. "ताई, ह्यांच्या चड्डीच्या पट्ट्यावर हेच नाव हाय!"

मांडव हशानं फुटला! अंगद जो आचाऱ्याच्या चुलीमागं दडला, तो दिसेचना. या गोंधळात बाळ जागं झालं आणि कळवळून रडायला लागलं. कुणाचं ध्यान नाही. एका पायात चप्पल घातलेले आप्पासाहेब तेवढे मागं फिरले. त्यांनी बाळाला उचलून छातीशी धरलं. कुंची सरकली. खाली औषधाला केस नाही! ते बघतच राहिले. मग हळूच स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

"खोटं काय म्हनली ती मोबाईलवाली?" ते म्हणाले. "माझ्यावरच गेलंय की बेनं!"

आणि पायातली चप्पल काढून पंगतीला बसले.

दाखल्यावर नाव लागलं कानिफनाथ. मी चार दिवस रुसले. पण रोज संध्याकाळी निकिताला आप्पासाहेबांचा फोन येतो, "आमचं क्याल्विन दूध प्यालं का?"

त्या नावानं हाक मारणारे ते एकटेच. बाकी सगळे त्याचं सरळ मराठी भाषांतर करून बोलावतात!