अव्वल दर्जाची माती

मातीतलं मला कळत नाही असं म्हणणारा माणूस आमच्या झरी गावात अजून जन्मायचा आहे! निजामाच्या राज्यात बावीस वर्षं मी महसूल खात्यात गिरदावर होतो. शिपायानं ढेकूळ वर करून दाखवलं की जमीन अव्वल दर्जाची की दुय्यम, हे मी घोड्यावरून न उतरता सांगत असे. मग ते राज्य गेलं, मी पेन्शनीत निघालो आणि पाठोपाठ माझ्या उजव्या गुडघ्यानंही राजीनामा दिला.

गुडघा वाकेना. एरवी चाललं असतं, पण माझ्या एकुलत्या एका मुलीचं, मनकर्णाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसावं लागतं. खुर्चीवर बसून कन्यादान केल्याचं कुणी ऐकलंय का? धाकटा भाऊ दत्तराव, "दादा, तुमी आराम करा, मी बसतो की," असं दिवसातून तीनदा म्हणे. त्यासाठी त्यानं नवं धोतरसुद्धा आणून ठेवलं होतं! माझ्या पोरीचा हात दुसऱ्यानं द्यायचा? नुसत्या विचारानं जीव कासावीस होई. येरझाऱ्या घालाव्यात, तर गुडघा तेही करू देईना.

अशात निसर्गोपचाराचं एक पुस्तक हाती लागलं. त्यात लिहिलं होतं, गरम मातीत बसा, सांधे मोकळे होतील. झालं! मी माती निवडायला बसलो.

आमच्या मंडळींनी, म्हणजे दैवशालाबाईंनी, आपण भिंती लिंपायला वापरतो ती पांढरी माती घ्या म्हणून सांगितलं. "काळी नगं. वाळली की आवळती, न्हाई तर भेगाळती."

मला हसूच आलं. पांढरी म्हणजे गावठाणातली माती. जिच्यावर सरकारनं कधी साराही बसवला नाही, ती मी अंगाला लावू? मी थेट गावातल्या आसारामच्या शेतातली काळीभोर माती आणवली. अव्वल दर्जा! वीस वर्षांपूर्वी मीच तसं दप्तरात लिहिलं होतं.

गुऱ्हाळाची काहील मागून आणली आणि गडी येडबानं त्यात गुळासारखा चिखल रटरटवला. अंगणात कंबरभर खड्डा खणून मी पाय लांब करून आत बसलो. सोसेल तेवढा निवल्यावर चिखल भोवती ओतला. आणि काय सांगू, घटकाभरात गुडघा वाकला! चक्क मांडी बसली! दत्तरावला दाखवल्याशिवाय उठायचं नाही असं मी ठरवलं.

दत्तराव आला तो उन्हं चढल्यावर. वैशाखाचं ऊन ते! तोवर माती आवळली होती. उठू गेलो तर कंबर हलेना. दत्तरावनं काळजीनं दोन घागरी पाणी ओतलं, तशी माती फुगून आणखी घट्ट बसली. पाठीला खाज सुटली, हात पोचेना. निम्मं गाव गोळा झालं.

आणि त्याच वेळी पोखर्णीहून आमचे होणारे व्याही वैजीनाथराव दारात उतरले!

आता यांना काय सांगू? गिरदावराची माती चुकली म्हणून? मी डोळे मिटले, हात जोडले आणि आवाज खोल नेऊन म्हणालो, "साधनेत हाय. संसारातून मन काढायलोय."

वैजीनाथरावांनी तिथल्या तिथे जोडे काढून मला नमस्कार केला. शेजारच्या धुरपदाबाईंनी माझ्या कपाळाला बुक्का लावला. दैवशालाबाई पदरात तोंड लपवून आत पळाल्या. सगळे पांगल्यावर येडबानं कुदळीनं मला भुईमुगाच्या वेलासारखं उपटून काढलं.

लग्नाच्या दिवशी मी ताठ चालत पाटाकडे निघालो, तर वैजीनाथराव हात जोडून आडवे आले.

"महाराज, तुमी संसारातून मन काढलेलं. तुमच्या हातून कन्यादान घेणं शास्त्राला धरून न्हाई. दत्तराव बसू द्या."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. समोर सगळी झरी बसली होती, ज्यांच्या जमिनींचे दर्जे मी ठरवले ती सगळी माणसं. आसाराम तर पहिल्याच ओळीत! मी तोंड मिटलं.

दत्तराव नव्या धोतरात पाटावर बसला. मनकर्णानं मान वळवून दोनदा माझ्याकडे पाहिलं. मंडपाच्या खांबाशी मी बसून होतो, झकास मांडी घालून. गुडघा एकदासुद्धा दुखला नाही!